लातूरचं एक प्रोटीनचं दुकान : पाचपैकी दोन तारे

पुतण्या सतरा वर्षांचा, 65 किलोत कुस्ती खेळतो. वस्तादांनी प्रोटीनचा डबा सांगितला म्हणून त्याला घेऊन औशाहून लातूरला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

डबा चांगला निघाला. सील शाबूत, चौदा आकडी परवाना नंबर छापलेला, पक्कं बिल. एक तारा त्याचा. दुसरा तारा पोऱ्याचा, उन्हातून आलो तर न मागता गार पाणी दिलं.

मग मालकानं पोराचा दंड चाचपला. "काका, नुसत्या पावडरीनं काय होतंय? जिल्ह्याची निवड कधी हाय?" अन् खालच्या खणातून पेपरात गुंडाळलेली कुपी काढली. मेफेन्टरमाइन. मी नाव मोठ्यानं वाचलं तसा त्यानं कागद परत ओढून घेतला. ऑपरेशनमध्ये बीपी पडलं की भूल देणारे डॉक्टर वापरतात ते हे औषध. दम टिकावा म्हणून पोरं टोचून घेतात. स्पर्धेत त्यावर बंदी आहे.

"पकडलं गेलं तर?"

"जिल्ह्याला कोण लघवी तपासतंय, काका!"

माझा राग ह्या वाक्यावर आहे. समोर लढणाऱ्या पोराच्या बापानं डेअरीला घालायचं दूध त्याच्यासाठी घरात ठेवलेलं असतं. निवडीची जागा एक. ती कुपीनं नेली तर त्याचं वर्ष गेलं, अन् आपण कशाला हरलो हे त्याला कधी कळायचंही नाही.

अन् पुढं तपासतात की. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव 2016 ला रिओत पोचला, अन् कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. खाण्यात कुणीतरी बंदीचं औषध कालवलं, असं तो सांगत राहिला; आपल्या नाडानं, म्हणजे खेळाडूंची अशी तपासणी करणाऱ्या देशाच्या संस्थेनं, ते मानलंही होतं. लवादाला पटलं नाही. अंगात सापडलं की उत्तर खेळाडूनं द्यायचं. कुपी विकणारा तोवर दुसऱ्या पोराचा दंड चाचपत असतो.

येताना एसटीत पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही वजन उतरवायला दोन दिवस पाणी सोडून घोंगडं पांघरून पळायचा, ते चालतं का मग?" पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. त्या पळण्यात मी एकदा चक्कर येऊन पडलोय. "ते वस्तादासमोर पळायचो," एवढंच म्हणलं. पुढचं सुचेपर्यंत औसा आलं.

पावडरीच्या गुठळ्या होत नाहीत, दुधात लगेच मिसळते. पुढचा डबा मात्र दुसरीकडून आणणार, अन् पोराला बाहेर उभं करून.