मुंबईत एक मोकळी संध्याकाळ: शिवाजी मंदिर, पृथ्वी की एनसीपीए?

नाशिक, सांगली, नागपूरहून कामासाठी आलेल्या माणसाला मुंबईत एखादी संध्याकाळ मोकळी मिळते आणि तो विचारतो, नाटक बघायचंय, कुठे जाऊ? माझा उलट प्रश्न असतो: नाटक ठरलंय का? ठरलं असेल आणि ते व्यावसायिक मराठी नाटक असेल, तर दादरचं शिवाजी मंदिर गाठा. काहीच ठरलं नसेल, तर जुहूचं पृथ्वी थिएटर. आणि ओढ नाटकापेक्षा गाण्याची, नाचाची असेल, तर नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स.

शिवाजी मंदिर १९६५ सालचं. प्लाझा सिनेमासमोर, दादर स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. इथे वास्तू बघायला कुणी जात नाही. प्रयोग आणि प्रेक्षक, या दोहोंसाठी जातात. रविवारच्या पेपरातल्या जाहिराती वाचून आलेली कुटुंबं, काठी टेकत जिना चढणारे आजोबा, तिसऱ्या घंटेपर्यंत चाललेल्या गप्पा. विनोदी नाटकाला हे प्रेक्षागृह एकदम हसतं, आणि ते हसू अंगावर घेत नट वाक्य थांबवून धरतो. पडद्यावर हे कधीच दिसणार नाही. मध्यंतरात बटाटावडा आणि चहा. रांग लांब असते, म्हणून पडदा पडताक्षणी उठावं.

तिकीट बुकमायशो किंवा तिकिटालयवर मिळतं, पण वेळ असेल तर खिडकीवर जाऊन आसनांचा प्लॅन बघूनच घ्या. बाल्कनीतलं तिकीट स्वस्त पडतं, मात्र मागच्या रांगांतून नटाचा चेहरा हरवतो. शब्दांवर चालणाऱ्या नाटकाला ते खपून जातं. दोन पात्रांच्या संथ नाटकाला मुळीच नाही. अशा नाटकासाठी थोडे जास्त पैसे मोजून खालीच बसा.

खाण्यापिण्यात दादरच्या जवळपास कुणी येत नाही, असं माझं ठाम मत आहे. गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि वर पियूष, सेनाभवनासमोर ‘आस्वाद’ची मिसळ, स्टेशनाजवळ १९१० पासूनचं ‘मामा काणे’. दुपारचा प्रयोग असेल तर आधी थोडंसं आणि नंतर पोटभर, असा बेत जमतो. रात्रीचा असेल तर आधीच जेवून घ्या. प्रयोग सुटेपर्यंत स्वयंपाकघरं आवरायला लागलेली असतात.

पृथ्वीची गोष्टच वेगळी. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली फिरती नाटक मंडळी काढली होती. तिला कायमचं घर असावं हे त्यांचं स्वप्न शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये पुरं केलं. पहिलं नाटक झालं ते गो. पु. देशपांडे यांचं, हिंदीतून. म्हणजे या जागेच्या पायाभरणीत मराठी लेखणी आहे. आसनं जेमतेम दोनशे. रंगमंच पुढे आलेला, तीन बाजूंनी प्रेक्षक, आणि पहिली रांग त्याला अगदी लागून. कुजबुजलेलं वाक्यही शेवटच्या रांगेत पोचतं. नट गप्प राहतो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो. छबिलदासच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात मराठी प्रायोगिक नाटक बघितलेली मंडळी या जवळिकीविषयी किती आतून बोलतात, ते इथे बसल्यावर कळतं. अनोळखी नाटकालाही इथे बेधडक जावं असं मी म्हणतो ते त्यामुळेच. प्रयोग बेताचा निघाला तरी अभिनय कसा घडतो हे हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं.

पण शिस्त कडक. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, मग तुम्ही कुठूनही आलेले असा. विलेपार्ले किंवा अंधेरीहून रिक्षा करावी लागते आणि जुहूचा ट्रॅफिक बेभरवशाचा, म्हणून तासभर हाताशी ठेवा. तो तास वाया जात नाही. अंगणातल्या कॅफेत सुलेमानी चहा किंवा आयरिश कॉफी घेऊन बसा. शेजारच्या टेबलावर कुणीतरी संहिता हातात धरून वाद घालत असतंच. खुर्च्यांना नंबर नसतात, तेव्हा कप संपवून रांगेत लवकर उभं राहा. सोमवारी पृथ्वी बंद.

एनसीपीए ही एक जागा नव्हे, एका आवारातली अनेक प्रेक्षागृहं आहेत. संस्था १९६९ ची, जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांनी उभारलेली. १९८० मध्ये उघडलेलं टाटा थिएटर फिलिप जॉन्सन या अमेरिकन वास्तुरचनाकाराचं. सुमारे हजार आसनांचं, तरी ध्वनियोजना अशी की स्वर स्वच्छ कानावर येतो. ख्याल गायन ऐकायचं असेल तर मी मुंबईत हीच जागा सुचवीन. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा मोसम असेल तर तोही चुकवू नका. मराठी नाटकासाठी ‘प्रतिबिंब’ महोत्सवाच्या तारखा बघाव्यात. एरवी इथली संध्याकाळ जरा औपचारिक वाटते आणि आसपास दादरसारखी खाण्याची चंगळ नाही. मरीन ड्राइव्हवरून चर्चगेटकडे चालत या, के. रुस्तमचं बिस्किटांमधलं आइस्क्रीम खा, लोकल पकडा.

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) नव्या नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात दोन हजार आसनांचं ग्रँड थिएटर आहे. भव्य संगीतिका बघायची तर ते, साध्या नाटकासाठी नको.

आईवडील बरोबर असतील तर दादरच, पण जिना चढवणार नसेल तर तिकीट काढण्याआधी लिफ्टची चौकशी करा. नाटक शिकणारी मुलगी किंवा भाचा बरोबर असेल, तर इतर सगळे बेत रद्द करून त्यांना पृथ्वीला न्या आणि पहिल्या रांगेत बसवा.