एडिसनचा नळ की हंटरडनची बोअर?

न्यू जर्सीत घर बघताना शाळा, ट्रेन स्टेशन आणि प्रॉपर्टी टॅक्सची चौकशी सगळेच करतात. पाण्याचा प्रश्न डोकं वर काढतो तो एडिसन-वुडब्रिज सोडून हंटरडन काउंटीतल्या मोठ्या आवाराच्या घरांकडे नजर वळली की. जाहिरातीत 'वेल अँड सेप्टिक' दिसलं, तर पाणी स्वतःच्या बोअरचं आणि सांडपाणीही आपल्याच जमिनीत मुरणार, असं समजायचं.

नळाचं पाणी तपासणं ही पुरवठादाराची जबाबदारी. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने ती त्याच्यावर टाकली आहे, आणि दरवर्षी १ जुलैपर्यंत त्याने ग्राहकांना अहवाल द्यायचा असतो. म्हणून ते पाणी कायम निर्दोष असतं असं नाही. २०२१ मध्ये मिडलसेक्स वॉटर कंपनीच्या साउथ प्लेनफिल्डच्या विहिरींत पीएफओए हे रसायन राज्याच्या मर्यादेच्या, म्हणजे १ लाख कोटी भागांत १४ भागांच्या, वर गेलं होतं. पण ते ग्राहकांना कळवणं कंपनीला भाग पडलं. घर जुनं असेल तर शिशाच्या पाइपचं तेवढं विचारा. असे पाइप २०३१ पर्यंत बदलायचा कायदा राज्याने केलाय.

बोअरला तो केंद्रीय कायदा लागूच नाही. राज्याचा खासगी विहिरींचा कायदा २००२ पासून आहे, त्यानुसार घर विकताना पाणी तपासावं लागतं. इथे बरेच जण फसतात: तपासणी सक्तीची आहे, पास होणं नाही. विकणारा आणि घेणारा दोघांनी निकाल वाचल्याची सही केली की खराब पाण्यासकट व्यवहार होऊ शकतो. नंतर तुम्ही स्वतः राहत असाल तर पुन्हा तपासा म्हणून कोणी मागे लागत नाही.

हंटरडनमध्ये खरी धास्ती आर्सेनिकची. कारखान्यांचा संबंध असलाच पाहिजे असं नाही, त्या भागातल्या शेल खडकातूनच ते पाण्यात उतरतं. शेजाऱ्याचं पाणी चांगलं निघालं यावरून आपल्या बोअरचा अंदाज बांधता येत नाही. न्यू जर्सीची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, देशाची १०. आर्सेनिकला रंग, वास, चव काही नाही आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं वाढतं. पुण्याहून आणलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) इथे निरुपयोगी. त्यावर १५० आकडा बघून खूश होणारे भेटतात, पण आर्सेनिक, शिसं किंवा जिवाणू त्यात दिसतच नाहीत. प्रमाणित लॅबच हवी.

बोअरला पाण्याचं बिल येत नाही हे खरं. पण पंप, फिल्टर, दरवर्षी जिवाणू आणि नायट्रेटची तपासणी हे सगळं तुमच्या खिशातून, आणि वादळात वीज गेली की पंपही बंद.

घरात तान्हं बाळ असेल आणि असल्या देखभालीचा कंटाळा असेल तर मी सरळ नळाचं घर घ्या म्हणेन. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना फार घातक असतं. हंटरडनचंच घर मनात भरलं असेल तरी बोअरला घाबरून ते सोडू नका, आर्सेनिक काढणारे फिल्टर मिळतात. मात्र सही केल्यावर ॲटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाकडून करार तपासून घ्यायचे, तीन कामकाजाचे दिवस असतात, तेवढ्यात वकिलाकडून करारात लिहून घ्या की पाण्यात दोष निघाला तर फिल्टरचा खर्च विकणाऱ्याचा, नाहीतर व्यवहार रद्द.