खरे-खोटे बोलणारे संशयित: विरोधी जोडी, तक्ता की गृहीतक?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅट (नागरी सेवा पूर्वपरीक्षेतील कल चाचणी) पेपरमध्ये २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. त्यामुळे ‘चोर कोण?’ असा प्रश्न समोर आल्यावर तो कोणत्या पद्धतीने सोडवायचा, हे आधीच ठरलेले असावे. पारख करण्यासाठी एक कोडे घेऊ. चोर एकच आहे आणि चौघांपैकी नेमका एक जण खोटे बोलतो. अनिल म्हणतो, “चोरी बाळूने केली.” बाळू म्हणतो, “अनिल खोटे बोलतो आहे.” चंदू म्हणतो, “मी चोरी केलेली नाही.” दत्ता म्हणतो, “चोर अनिल तरी आहे किंवा चंदू तरी.”

अनिल आणि बाळू यांची विधाने परस्परविरोधी असल्यामुळे त्यांतले एक खोटे असणारच. एकमेव खोटे तिथेच खर्ची पडल्याने चंदू आणि दत्ता खरे ठरतात आणि चोर अनिल निघतो. वेगाच्या बाबतीत विरोधी जोडीला तोड नाही. मात्र ‘चोर बाळू’ आणि ‘चोर चंदू’ या विधानांना विरोधी जोडी समजू नये. ती दोन्ही एकाच वेळी खरी नसतात, पण दोन्ही खोटी असू शकतात, आणि घाईत नेमकी हीच गफलत होते.

अशी जोडी सापडत नसेल, तर तक्ता मांडावा. खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता लिहायला बसल्यास १६ ओळी होतात. त्याऐवजी प्रत्येक ओळीत एकेका संशयिताला चोर मानावे, म्हणजे ४ ओळींत काम भागते. वरील कोड्यात अनिल चोर असल्यास एक विधान खोटे ठरते, इतर कोणीही चोर असल्यास दोन. तक्त्याचे खरे मोल इथेच कळते: अटीत ‘एक’ऐवजी ‘दोघे खोटे बोलतात’ असे असते, तर बाळू, चंदू आणि दत्ता हे तिघेही अटीत बसले असते, म्हणजेच कोड्याला निश्चित उत्तरच उरले नसते. बाळूला चोर मानून तपासणारा पहिल्याच जुळणीवर थांबला असता. म्हणून स्वतः कोडी रचणाऱ्याने तर तक्त्याशिवाय पुढे जाऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

गृहीतकाची पद्धत उपयोगी पडते ती प्रत्येक व्यक्ती कायम खरे किंवा कायम खोटे बोलते, पण खोटे बोलणारे किती हे सांगितलेले नसते, अशा कोड्यांत. दोघांपैकी पहिला म्हणतो, “आम्ही दोघेही खोटारडे आहोत.” तो खरा मानला, तर त्याचेच विधान त्याला खोटारडा ठरवते, म्हणून तो खोटारडा, विधान खोटे आणि दुसरा खरा. गृहीतकातून विसंगती निघाली, की ते खात्रीने बाद होते. विसंगती निघाली नाही, तर मात्र उलट गृहीतक तपासून बाद केल्याशिवाय उत्तरावर खूण करू नये.