डिक्टेशन की टायपिंग? नव्या वकिलांनी आधी काय शिकावं

सनद मिळाली, जळगावात किंवा धुळ्यात एखाद्या सीनियरच्या ऑफिसात टेबल मिळालं, की आठवडाभरात हा प्रश्न येतो. आमच्या सरांपुढे तो नव्हताच. ते येरझारा घालत बोलायचे आणि स्टेनो उतरवून घ्यायचे. नव्या ज्युनियरकडे स्टेनो नाही, फोन आहे.

बोलून लिहिण्याचा वेग टायपिंगला गाठता येत नाही. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मिनिटाला 30 शब्दांची, आणि बोलताना आपण सहज शंभराच्या पुढे जातो. दाव्यातली हकीकत, म्हणजे वाटणी कधी झाली, कब्जा कोणाचा, भांडण कुठून सुरू झालं, हे सगळं बोलून फार छान उतरतं. शिवाय मोठ्याने सांगताना युक्तिवादातलं भोक आपल्याच कानाला कळतं. या एका गुणासाठी मला डिक्टेशन मनापासून आवडतं.

पण अंगाशी येतं ते आकड्यांत. सुरुवातीच्या काळात एका दाव्यात मी गट नंबर 'एकोणसाठ' सांगितला, उतरला 69. घाईत सही केली. समोरच्या पक्षाच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिलाच आक्षेप तो, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 खाली दाव्याच्या दुरुस्तीचा अर्ज आणि पक्षकाराची एक तारीख फुकट. अमळनेरहून एस्टीने आलेला तो म्हातारा काही बोलला नाही. मला ते आजही लागतं.

दुसरी अडचण अहिराणीची. 'मन्हा भाऊनी बांध कोरी टाका' हे पक्षकाराचं वाक्य फोनला समजत नाही, आधी आपल्याला मराठीत आणावं लागतं. शिवाय चार टेबलांच्या ऑफिसात मोठ्याने सांगितलेली पक्षकाराची गोष्ट शेजारचाही ऐकतो. ती गुप्त ठेवणं आपलं कर्तव्य आहे.

टायपिंग हळू, पण हाताखालून प्रत्येक शब्द जातो. चेक न वटल्याची नोटीस बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत जायला हवी. तिथे चेक नंबर, रक्कम, तारीख टाईपच करावी. धोका जुन्या मसुद्यावरून कॉपी करण्याचा: मागच्या पक्षकाराचं नाव सातव्या परिच्छेदात तसंच राहतं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी टायपिंग शिका, तेही युनिकोड मराठीत, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर. 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, त्यामुळे इंग्रजी कीबोर्डवर हात बसून भागत नाही. तीन-चार महिने रोज तास दिला की हात बसतो. त्यानंतर हकीकत बोलून घ्या. चतुःसीमा, रकमा, तारखा आणि शेवटची मागणी स्वतः टाईप करा. सहीआधी सातबारा शेजारी ठेवून मसुदा मोठ्याने वाचा, आणि गट नंबर आला की थांबून उताऱ्यावर बोट ठेवा.