खालून काळी कुळकुळीत, आतून कुजलेली: अँटीरस्ट कोटिंगमधली फसवणूक

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत आणि कोकणात अँटीरस्टचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला काळा थर मारून द्यायचा धंदा जोरात असतो. किनाऱ्यावरच्या एका सहा वर्षांच्या हॅचबॅकला असं कोटिंग दोनदा मारलेलं होतं. बिलं होती, ५ वर्षांच्या वॉरंटीचं कार्डही होतं. चाक बदलायला जॅक लावला आणि दाराखालच्या आडव्या पोकळ पट्टीचा, म्हणजे सिलचा पत्रा कर्रकन आत गेला. काळा थर ओढला तर रबरासारखा सलग निघाला. त्याला आतून चिकटून तांबूस पापुद्रा आला, तोच गाडीचा पत्रा. दुकानदाराने कार्डाची मागची बाजू दाखवली: वॉरंटी फक्त थर सुटला तर, पत्रा सडला तर नाही.

मुळात गंज कुठून येतो तेच ग्राहकाला सांगत नाहीत. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. त्यावर, अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर चढवतात. हा थर जेमतेम २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण भट्टीत भाजलेला आणि पक्का. तो पातळ राहतो तो सांध्यांत, स्पॉट वेल्डच्या, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडलेल्या जागेच्या फटींत, दाराच्या खालच्या दुमडलेल्या कडेत आणि सिलच्या पोकळीत. खारा वारा तिथवर पोचतो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही फट ओलीच. पत्रा आतून सडतो आणि कोटिंग मारतात बाहेरून.

एवढंच असतं तर नुसते पैसे गेले म्हणता आलं असतं. घाईने मारलेलं कोटिंग नुकसानही करतं. दाराच्या आणि सिलच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात, ती फवाऱ्यात बुजतात आणि पाणी आत साठून राहतं. धुतल्यावर नीट न वाळवता माल मारला तर ओल आणि मीठ थराखाली कोंडतं. वरून थर तुकतुकीत दिसतो, म्हणून खालचा गंज वर्षानुवर्षं कळत नाही. सगळ्यांत वाईट हेच.

माल किती वापरला याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर ओला थर म्हणजे एक लिटर. इंजिन, सायलेन्सर सोडून लहान गाडीच्या पोटाचा ४ चौरस मीटर भाग धरला तरी ४ लिटर माल लागतो. एक लिटरचा डबा थिनरने वाढवून मारला तर काळा रंग येतो, जाडी येत नाही. डबे आपल्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामे मोजा.

वेळेवरूनही कळतं. चाकं आणि फेंडर लायनर (चाकाच्या कमानीतलं अस्तर) काढायचे, दाबाच्या पाण्याने चिखल काढायचा, पूर्ण वाळवायचं, सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर लावायचा, सायलेन्सर, ब्रेक आणि निचऱ्याची भोकं टेपने झाकायची, मग माल मारायचा. पाऊण तासात गाडी परत मिळाली तर यातलं काही झालेलं नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटो आधीच ठरवून मागा.

खरं काम पोकळीत आहे. लांब लवचीक नळीने सिलमध्ये आणि दारांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मुरणारं मेण, भरून घ्या. कारखान्यानेच ठेवलेली, रबरी बुचं असलेली भोकं त्याला बहुतेकदा पुरतात. नवी भोकं पाडू देऊ नका, तिथला कारखान्याचा थर फुटतो. वॅक्स मुरल्यावर निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करून घ्या.

डॅशबोर्डखाली बसवायच्या 'इलेक्ट्रॉनिक अँटीरस्ट' डबीवर पैसे घालवू नका. विजेने गंज रोखण्याची पद्धत जहाजाच्या तळाला आणि जमिनीत पुरलेल्या पाइपांना लागू पडते, कारण तिथे धातूभोवती सलग पाणी किंवा ओली माती असते. हवेत उभ्या गाडीला तसं काही नसतं.

जुनी गाडी घेताना ताजं काळं कोटिंग दिसलं तर आधी थांबा. मालकाला विचारून गाडी रॅम्पवर घ्या. जॅकची जागा, सिलची खालची शिवण आणि मागच्या चाकाच्या कमानीची कड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. निरोगी पत्रा टणटणतो, कुजलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे बोटभर थर खरवडायची परवानगी मागा. ती नाकारली तर ती गाडी घेऊ नका.