माजी सैनिकांच्या केंद्रात कपाळावर रोखायचा थर्मामीटर: घ्यावा का?

करोनाच्या साथीत घरोघरी पोचलेलं ते पांढरं 'पिस्तूल', म्हणजे स्पर्श न करता ताप मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. दुकानाच्या दाराशी ठीक आहे. पण अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी निवासी उपचार केंद्रं आहेत, तिथल्या नर्सच्या हातात हेच यंत्र रोज दिलं तर? पाचपैकी दोन तारे, आणि तेही बाहेरून येणाऱ्यांना तपासण्यापुरते.

पहिली तक्रार आकाराबद्दल. या केंद्रांत पीटीएसडी (युद्धासारख्या भयंकर अनुभवाने मनावर झालेला आघात), दारू, अमली पदार्थ, बेघरपणा अशा कारणांनी आलेली माणसं काही आठवडे, कधी काही महिने राहतात. त्यांच्यासमोर मुठीत धरलेली वस्तू येते, बोट घोड्यावर आणि नेम थेट कपाळावर. मास्क आणि फेसशील्ड असेल तर नर्सचा चेहराही दिसत नाही. माणूस दचकला, हात झटकला, रांग सोडून गेला, तर नोंदवहीत 'सहकार्य करत नाही' असं लिहिणं हा शुद्ध अन्याय. २०२०च्या तुटवड्यात काही ठिकाणी कारखान्यातली मशीन तपासायचे इन्फ्रारेड थर्मामीटरही माणसांवर वापरले गेले. त्यांतून नेम धरायला लाल लेझरचा ठिपका पडतो आणि चूक दीड-दोन अंश सेल्सियसची असू शकते. ते इथे अजिबात नकोत.

दुसरा पर्याय हाताशी नसेल तर वापरायची रीत बदला. खाटेशी किंवा रांगेत समोरून न येता बाजूने, दिसेल असं या. यंत्र छातीच्या उंचीवर उताणं धरून दाखवा, काय करणार ते सांगा, 'हो' आल्यावरच वर न्या. ज्याला जमेल त्याच्या हातात यंत्र द्यावं. स्वतःच्या कपाळाशी धरून त्याने बटण दाबलं, आकडा नर्सने वाचला, की काम झालं. आवाज सेटिंगमधून बंद करा. ताप दिसला की लाल होणारा पडदा पुढच्या माणसाला दिसणार नाही, असं उभं राहा. आणि ताप बघायला झोपेतून उठवू नका. रात्रीच्या गोळ्या घ्यायला सगळे येतात तेव्हाच मोजून घ्या. उठवणं टळतच नसेल तर खाटेच्या पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा, खांद्याला हात लावू नका.

आता आकडा. अंतर पुस्तिकेत दिलं असेल तेवढंच, बहुतेक यंत्रांत ३ ते ५ सेंटिमीटर. लांबून मोजलं की कपाळासोबत आजूबाजूचंही तापमान धरलं जातं आणि आकडा खाली येतो. थंडीतून आलेल्याला टोपी काढून १० ते ३० मिनिटं आत बसू द्या; यंत्रही तेवढाच वेळ त्याच खोलीत असायला हवं. सगळ्यात फसवा असतो घाम. दारू सुटताना अंग घामाने भिजतं, कपाळ गार पडतं आणि आतून ताप असलेला माणूस पडद्यावर नॉर्मल दिसतो. अफूवर्गी औषधं सुटताना थंडी वाजणं, अंग दुखणं, नाक गळणं असतंच, म्हणजे लक्षणंही करोनासारखीच. अशा वेळी कपाळाच्या आकड्यावर विसंबू नका, चाचणी करा. सर्वांचे आकडे ९३-९४ फॅरनहाइट यायला लागले तर यंत्र बहुधा 'बॉडी' (शरीर) ऐवजी 'सरफेस' (पृष्ठभाग) मोडवर गेलेलं असतं.

म्हाताऱ्या रहिवाशांत तर १००.४ फॅरनहाइट ही तापाची रेषाच अपुरी. २०२० साली माजी सैनिकांच्याच सरकारी नर्सिंग होममधल्या रहिवाशांचा अभ्यास झाला, त्यात करोना पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा ती ओलांडताना दिसला. म्हणून प्रत्येकाचं नेहमीचं तापमान लिहून ठेवा आणि त्याहून २ फॅरनहाइट वर गेलं की डॉक्टरांना कळवा, मग पडद्यावर ९९ का असेना. नोंदीत वेळ, कुठे मोजलं आणि गेल्या चार-सहा तासांत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेतलं का, हेही हवं.

पर्याय म्हणून कपाळावरून फिरवायचा टेम्पोरल स्कॅनर चांगला. धरायला साधा, कपाळाच्या मध्यापासून केसांच्या रेषेपर्यंत सरकवायचा. घाम असेल तर कानामागेही टेकवायचा. स्पर्श होतो, त्यामुळे प्रत्येकानंतर पुसणं आलं. कानातला थर्मामीटरही अचूक, पण बऱ्याच माजी सैनिकांना श्रवणयंत्र असतं. ते काढून २० मिनिटं थांबावं लागतं, सकाळच्या गर्दीत हे कोण करणार? तोंडात धरायचा साधा डिजिटल सर्वांत स्वस्त. प्रत्येकाला स्वतःचा देता येतो, पण मास्क असेल तर काढावा लागतो आणि कॉफीनंतर १५ मिनिटं थांबावं लागतं. ज्याची खोली स्वतंत्र, त्याच्यासाठी हाच घ्यावा.

बंदुकीचा थर्मामीटर घेऊन झालाच असेल तर सेन्सरची काच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. ओली काच आकडा खाली दाखवते. बॅटरीचं चिन्ह दिसताच सेल बदला, 'अजून चालतंय' म्हणून ढकलू नका. आणि नव्या नर्सला हे यंत्र देताना आधी तिच्याच कपाळावर रोखून दाखवा.