पिझम की आयएसएसएम? घरच्या मशीनवर ग्रीनलंड चालवू पाहणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीतली एक मुलगी वाशीच्या कॉलेजात एम.एस्सी. करते. प्रोजेक्टला तिने हिमचादरींचं मॉडेलिंग घेतलंय. गेल्या रविवारी तिने मला पार्किंगमध्येच गाठलं. "काका, पिझम शिकू की आयएसएसएम? तुम्ही दोन्ही वापरलीयत ना?"

वापरलीयत. हिमचादर कशी वाढते, वाहते याचं गणित करणारी ही दोन सॉफ्टवेअर. नोकरी महापेला, पाइपांतून काय कसं वाहतं याची गणितं करायची. बर्फाचा नाद लॉकडाउनमध्ये लागला, तो सुटला नाही. ऐरोलीच्या घरी आठ कोअरचा जुना डेस्कटॉप आहे, त्यावर दोन्ही चालवून झाली. तिला उभ्याउभ्या जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश मांडतो. ग्लेनचा नियम (ताण पडला की बर्फ किती वेगाने वाहतो) आणि उथळ बर्फाची समीकरणं (चादर पसाऱ्याच्या मानाने पातळ धरून केलेलं सोपं गणित) तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो. ही दोन्ही फुकट आहेत, कोड खुला आहे, ते सांगण्यात वेळ घालवत नाही.

पिझम अलास्काच्या फेअरबँक्सचं आणि जर्मनीतल्या पोट्सडॅमचं, आयएसएसएम नासाच्या जेपीएलचं आणि कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचं. पिझमला चौकोनी ग्रिड लागते. आयएसएसएम त्रिकोणांची मेश विणतं, जिथे बर्फ पळतो तिथे बारीक आणि जिथे निजलाय तिथे ढोबळ. माझ्यासारख्या मेशवर पोट भरणाऱ्याला आधी कुठलं आवडलं असेल, सांगायला नको. चौकोनी ग्रिड म्हणजे मला मागासलेपणा वाटायचा.

खरा फरक मेशचा नाहीच, सुरुवातीचा आहे. शंभर वर्षं पुढचं सांगायचं तर आजचा बर्फ मॉडेलमध्ये बसवावा लागतो. आयएसएसएमचा ओढा आजचा फोटो घेण्याकडे: उपग्रहांनी मोजलेला पृष्ठभागाचा वेग घ्यायचा आणि तो जुळेपर्यंत तळाचं घर्षण उलट्या गणिताने शोधायचं. पिझम बर्फाला लहानाचा मोठा करतं. हजारो वर्षांचं हवामान देऊन चादर वाढू द्यायची, आणि शेवटी जे उभं राहील तेच आज. घर्षणही तिथे फार लाडात येत नाही. ग्रीनलंडच्या ठरावीक उदाहरणात तळ समुद्रसपाटीच्या 300 मीटर खाली असेल तर तळाच्या गाळाचा घर्षणकोन (जेवढा मोठा तेवढी पकड जास्त) 15 अंश, 700 मीटर वर असेल तर 40, आणि मध्ये सरळ रेषा. झालं! ओढूनताणून दोन्हींत दोन्ही जमतं, हे मान्य. पण स्वभाव स्वभाव असतो.

आता माझं दुखणं. मागच्या वर्षी आयएसएसएममध्ये पश्चिम ग्रीनलंडचा एक तुकडा घेतला. तळ बेडमशीनचा, म्हणजे बर्फाखालच्या जमिनीच्या तयार नकाशाचा, वेग उपग्रहांचे. इन्व्हर्जन, म्हणजे घर्षण शोधायचं ते उलटं गणित, झकास जमलं. मोजलेला वेग आणि मॉडेलचा वेग शेजारीशेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते बायकोलाही ओळखता आलं नाही (मलाही नाही). मग हवामान आहे तसं गोठवलं, तापमान आणि बर्फवृष्टी दोन्ही स्थिर ठेवली, आणि रन वीस वर्षं पुढे सोडला. पहिल्या दोन-तीन वर्षांतच बर्फ कुठे फुगला, कुठे बसला. फरकाच्या नकाशावर गोवर उठल्यासारखे ठिपके.

चूक माझीच असणार म्हणून महिनाभर शोधली. थोडी माझी होती, पण बहुतेक नव्हती. बर्फाची जाडी विमानातल्या रडारने काही ठरावीक रेषांवर मोजलेली, मधली अंदाजाने भरलेली. वेग वेगळ्या वर्षांचे, बर्फवृष्टी तिसऱ्याच मॉडेलची. सगळ्यांचा हिशेब एकमेकांशी जुळत नाही. बेडमशीन बनवणारे आयएसएसएमच्याच घरातले आहेत आणि वेगवान भागात त्यांनी वस्तुमान जपूनच तळ काढलाय, तरी उरतं ते उरतंच. आणि इन्व्हर्जन या सगळ्या चुका निमूटपणे घर्षणात कोंबतं. बर्फ खरा किती थंड आहे ते नीट माहीत नाही? घर्षणात टाका. तळ पन्नास मीटर चुकलाय? घर्षणात. घरातला माळाच तो, जागा नसलेली प्रत्येक वस्तू तिथे जाते, आणि दार उघडलं की अंगावर येते.

यावर औषध आहे. रन काही वर्षं तसाच सोडायचा, बर्फ निवला की मग हवामान बदलायचं. पण निवेपर्यंत आकार सरकतो, आणि ज्या फोटोसाठी एवढी खटपट केली तोच हलतो. दुसरं औषध म्हणजे हवामान न बदललेला रन शेवटी वजा करणं. मोठी मंडळीही हेच करतात. आयएसएमआयपी6 या हिमचादर-मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत ग्रीनलंडचं उत्तर असंच वजाबाकी करून आलं: आरसीपी 8.5, म्हणजे खूप जास्त उत्सर्जनाची वाट, धरून 2100 पर्यंत समुद्रपातळीत 90 मिलिमीटर भर, अधिक-उणे 50. त्या पन्नासात महासागर आणि हवामानाच्या मॉडेलांचा वाटा आहे, तसा सुरुवातीच्या स्थितीचाही आहे. वजाबाकीला माझा विरोध नाही. पण सरळ रेषेत न वागणाऱ्या पदार्थातून असं वजा करताना हात जरा कचरतो. भाच्याने विचारलं होतं, "मामा, यातलं हवामानाचं किती आणि मॉडेलच्या लहरीचं किती?" मी चहा मागवला.

पिझममध्ये हा प्रश्न मला फारसा आला नाही. पण तिथला बर्फ शांत असला तरी चुकीच्या जागी असतो. माझ्या ग्रीनलंडच्या पूर्व कडेला आज मोकळ्या असलेल्या खडकांवर बर्फ सांडलेला आहे. ईशान्येचा तो लांबलचक हिमप्रवाह नुसता नावाला उमटतो. सेर्मेक कुयालेक, म्हणजे जुनी याकोब्सहाव्ह्न हिमनदी, काही किलोमीटर रुंदीच्या खोल दरीतून वाहते. 20 किलोमीटरच्या ग्रिडला ती दिसणार कशी? आणि ग्रिड निम्मी केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही साधारण चौपट, म्हणजे काम सोळापट. नुसतं उथळ समीकरणांवरचं 20 किलोमीटरचं ग्रीनलंड दहा हजार वर्षं चालवायला माझ्याकडे जेवण होईपर्यंतचा वेळ लागतो. 10 चं, तळावरून बर्फ घसरतो तेही धरून, लावलं तर रात्र जाते. 5 चं लावलं की घरचे मशीनकडे संशयाने बघू लागतात.

त्यातून आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. इथे पिझमचा एक गुण मला फार भावला. ते अधूनमधून आपली अवस्था फाइलमध्ये लिहून ठेवतं. आधी कळलं तर एक सिग्नल पाठवायचा, ते तिथल्या तिथे सेव्ह करून गुपचूप थांबतं. ती फाइलच पुढच्या रनची सुरुवात. आयएसएसएममध्येही मध्ये जतन करण्याची सोय आहे, पण ती आठवणीने चालू करावी लागते, आणि मला आठवलं तेव्हा लाइट गेलेली होती.

इन्स्टॉलेशनवर भांडत नाही. पिझमला अर्धा दिवस लागला, आयएसएसएमला पूर्ण रविवार. मॅटलॅबचं लायसन्स नसेल तर आयएसएसएम पायथॉनमधूनही चालतं, फक्त शिकवणीची उदाहरणं मॅटलॅबमध्ये जास्त खुलतात असं मला वाटलं. फिनलंडचं एल्मर/आइसही आहे, पूर्ण स्टोक्स समीकरणं, म्हणजे बर्फाच्या वाहण्याचं काहीही न गाळलेलं गणित, सोडवायची तर तेच नाव घेतात. माझ्या डेस्कटॉपने नम्रपणे नकार दिला.

मग मुलीला काय सांगितलं? तिला खरं तर विचारायचं होतं की ग्रीनलंड वितळलं तर वाशीच्या खाडीचं पाणी किती चढेल. भरतीला खाडीकडची दारं बंद होतात तेव्हा नवी मुंबईचं पावसाचं पाणी धारण तलावांत थांबतं, तिथपर्यंत तिला उत्तर न्यायचं आहे. त्या प्रश्नाला आयएसएसएम पुढे आहे, हे कबूल. एवढा बर्फ समुद्राला स्वतःकडे ओढून धरतो. तो गेला की ग्रीनलंडजवळ पाणी उतरतं आणि आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. हा हिशेब आयएसएसएम स्वतः करतं. त्याच्या आजच्या पूर्ण नावात (आइस-शीट अँड सी-लेव्हल सिस्टिम मॉडेल) समुद्रपातळी आहे ती उगाच नाही. एकच हिमनदी आणि पुढची तीस वर्षं एवढंच हवं असेल तरीही मी आडवा येणार नाही.

पण पहिल्या सहा महिन्यांत बर्फ का हलतो हे कळायला हवं असेल, तर माझ्या मते आधी पिझम. आकार चुकला तर तो डोळ्यांना दिसतो, आणि का चुकला ते शोधत मागे जाता येतं. माळ्यावर काय कोंबलंय ते नाही दिसत. कदाचित हा माझा पाइपवाल्याचा पूर्वग्रह असेल.

तिने परवा 20 किलोमीटरचा रन लावला. दहा हजार वर्षं झाली, पूर्व कडेला बर्फ सांडला, आणि तिने स्क्रीनचा फोटो पाठवून विचारलं, "काका, हे असं का?" आता 10 वर जायचं म्हणते. शुक्रवार टाळ म्हटलंय, आणि माझा जुना यूपीएस तिच्या मजल्यावर पोचवलाय.